सायकलची चेन: आधी पुसा, मग तेल, मग पुन्हा पुसा

चेन कुरकुरायला लागली की घरात हाताला लागेल ते तेल आणायचं, वरून धार सोडायची, पायडल दोन-चार वेळा उलटं फिरवायचं आणि हात झटकायचे, ही आपल्याकडची सर्वमान्य पद्धत. आवाज लगेच थांबतो, म्हणून काम झालं असं वाटतं. आठवड्याभरात त्याच तेलावर रस्त्याची धूळ बसते, चेन काळीकुट्ट होते आणि उजव्या पोटरीवर दातांचा ठसा उमटायला लागतो. मग आपण आणखी तेल घालतो. तेलाविना जितक्या चेन मरतात त्याहून जास्त अशा तेलात बुडून मरतात, असं माझं मत आहे.

तेल नेमकं कुठे लागतं ते आधी बघू, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल.

चेनची एक कडी जवळून बघा. दोन बाजूंना पट्ट्या, त्यांना जोडणारी आडवी पिन आणि पिनेभोवती फिरणारा छोटा रोलर. १८८० मध्ये मँचेस्टरला हान्स रेनॉल्ड यांनी या रचनेचं पेटंट घेतलं आणि आजच्या सायकलींची चेनही त्याच घराण्यातली आहे. एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. काळ्या घोड्यासारख्या जुन्या सायकलीची चेन असो की बारा गिअरच्या सायकलीची, हे अंतर तेच. चेन दातावरून वळते तेव्हा पिन आतल्या आत घासली जाते. वंगण लागतं ते तिथे, पिनेच्या आणि रोलरच्या आत. बाहेरच्या पट्ट्या कशावरही घासत नाहीत, गंज चढू नये एवढा पुसट थर त्यांना पुरतो. त्यावर चोपडलेलं तेल तेलकट पोळपाटाला पीठ चिकटावं तशी धूळ धरून ठेवतं, आणि ती धूळ हळूहळू आत शिरून पॉलिशपेपरचं काम करते.

म्हणजे तेल आत आणि बाहेर जवळपास कोरडं, अशी चेन आपल्याला हवी आहे.

काय काय लागेल

जुने सुती बनियन हे या कामाचं सर्वोत्तम फडकं. नायलॉनची साडी किंवा पॉलिस्टरचा शर्ट फाडून आणू नका, ते काही टिपत नाही, मळ नुसता पसरवतं. दोन जुने टूथब्रश, एक जुनी सुती नाडी (कशाला ते पुढे येईल), खाली पसरायला वर्तमानपत्रं किंवा पुठ्ठा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसणार असाल तर पुठ्ठाच घ्या. फरशीवरचा काळा डाग निघत नाही आणि शेजारी तो विसरत नाहीत.

मळ सुटायला पूर्वी सरळ रॉकेल वापरायचे. मिळत असेल तर अजूनही उत्तम. नसेल तर रंगाच्या दुकानात मिळणारं टर्पेंटाइन चालतं. त्याच दुकानातला थिनर मात्र नको, तो सायकलीचा रंग उचलतो. डिझेलने मळ निघतो, पण वास आणि तेलकटपणा दोन्ही मागे राहतात. पेट्रोल वापरूच नका. बरेच मेकॅनिक वापरतात हे खरं, पण त्याची वाफ बंद जागेत साठते आणि एका ठिणगीवर पेटते. रॉकेल किंवा टर्पेंटाइनसुद्धा उघड्या हवेतच वापरायचं, गॅस, देवघरातला दिवा, अगरबत्ती यांपासून लांब. हे काही घरात आणायचं नसेल तर भांडी घासायचा लिक्विड साबण आणि गरम पाणी यानेही काम होतं. फक्त नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन चेन पूर्ण वाळवावी लागते.

हात काळे होणारच. काम सुरू करण्याआधी कोरड्या साबणाच्या वडीवर नखं खरवडून घ्या. नखांत साबण भरला की मळाला जागा उरत नाही.

दर आठवड्याचं पाच मिनिटांचं काम

रोज सायकल चालवणाऱ्या माणसाने एवढं एकच शिकलं तरी चेन दुप्पट टिकल्यासारखी वाटेल.

सायकल स्टँडवर लावा, नाहीतर भिंतीला अशी टेकवा की उजवी बाजू, म्हणजे चेनची बाजू, तुमच्याकडे येईल. गिअरची सायकल असेल तर मागची चेन मधल्या दातेरी चक्रावर आणा. एकदम टोकाच्या गिअरवर उलटं पायडल मारलं तर चेन उतरू शकते. आता डाव्या हातात फडकं घेऊन चेनचा खालचा भाग चारही बाजूंनी हलका पकडा आणि उजव्या हाताने पायडल उलटं फिरवा. चेन फडक्यातून सरकत जाईल. फडक्याची जागा बदलत रहा. काळं उतरायचं कमी झालं की थांबा.

हात नेहमी चेनच्या मधल्या भागावर ठेवा, चेन दातांवर जिथे चढते तिथे कधीच नको. सायकल उलटी करून मागचं चाक जोरात गरगर फिरवत चेन पुसण्याची सवय काहींना असते, ती सोडा. फडकं दातात ओढलं जातं आणि फडक्याबरोबर बोट जातं. ज्या सायकलीत पायडल थांबवलं तरी चाकाबरोबर फिरतच राहतं, म्हणजे फ्रीव्हील नसतंच, तिथे तर दुप्पट सावध.

पुसल्यावर चेन कोरडी दिसली किंवा चालवताना बारीक आवाज येत असेल, तरच तेल. ते कसं घालायचं ते खाली आहे. आवाज नसेल तर नुसतं पुसून उठा.

महिन्यातून एकदा पूर्ण धुणं

पावसाळ्यात महिन्याची वाट बघू नका, चिखलातून आलात की दुसऱ्या दिवशीच. बाकी ऋतूंत चेन पुसूनही काळीच राहायला लागली की वेळ झाली असं समजा.

सगळ्यात आधी ब्रेक वाचवा. डिस्क ब्रेक असेल तर मागच्या डिस्कवर प्लॅस्टिकची पिशवी बांधा. तेलाचा एक थेंब ब्रेकपॅडमध्ये शिरला की ब्रेक किंचाळतो आणि पकडतही नाही, मग पॅड बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. साधे रबरी ब्रेक असतील तर रिमवर लक्ष ठेवा.

टूथब्रश रॉकेलमध्ये बुडवा, निथळू द्या आणि चेनचा खालचा भाग घासायला घ्या. चेनला चार बाजू असतात हे विसरू नका: वरची, खालची आणि दोन कडा. एक पट्टा घासून झाला की पायडल उलटं फिरवून पुढचा भाग समोर आणा. कुठून सुरुवात केली ते कळायला वेगळी दिसणारी कडी शोधून ठेवा. साध्या सायकलीत ती चेनलॉकची कडी असते, गिअरच्या सायकलीत बहुतेकदा क्विक लिंक. रॉकेल ओतायचं नाही, ब्रशनेच लावायचं. ओतलं की ते फ्रीव्हीलमध्ये, हबमध्ये, क्रँकच्या (पायडलच्या दांडीच्या) बेअरिंगमध्ये झिरपतं आणि तिथलं ग्रीस धुऊन काढतं. चेन चकचकीत आणि बेअरिंग कोरडी, हा सौदा परवडणारा नाही. गाड्या धुतात तिथला पाण्याचा जोरदार फवाराही याच कारणासाठी टाळायचा.

आता दातेरी चक्रं. पुढच्या चक्राचे दात ब्रशने होतात. मागे कॅसेट, म्हणजे गिअरच्या दातेरी चक्रांचा जुडगा, असेल तर दोन चक्रांच्या मधल्या फटीत ती जुनी नाडी घाला आणि दोन्ही टोकं धरून पुढे-मागे ओढा. ब्रश जिथे पोचत नाही तिथला मळ नाडीवर येतो. डिरेलर म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा मागचा भाग, त्याखाली लोंबणारी दोन छोटी चाकं असतात, त्यांच्या कडेला मळाची काळी कडा जमते. आइस्क्रीमच्या काडीने ती खरवडून काढा. ही चाकं बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. मग धुतलेली चेन पहिल्याच फेरीत तिथला मळ उचलून पुन्हा काळी होते आणि दोष तेलाला दिला जातो.

मळ सुटला की कोरड्या फडक्याने चेन पुसा आणि सायकल सोडून द्या. निदान तासभर, शक्य असेल तर रात्रभर. नवशिके इथेच घाई करतात. कड्यांच्या आत रॉकेल शिल्लक असताना तेल घातलं तर ते पातळ होऊन वाहून जातं. साबणाच्या पाण्याने धुतली असेल तर वाळवणं त्याहून महत्त्वाचं. ऊन असेल तर उन्हात ठेवा.

वापरलेलं रॉकेल गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नका. बाटलीत भरून, वर नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवून द्या. दोन दिवसांत गाळ खाली बसतो आणि वरचं पुढच्या वेळी वापरता येतं. तळाचा गाळ चिंधीत टिपून घरातल्या घातक कचऱ्यात द्या. भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात कोंबू नका, बाहेर दोरीवर वाळवा.

चेन काढून धुवावी का?

दर वेळी नाही. फार मळली असेल, किंवा सायकल वर्षभर जिन्याखाली पडून असेल तर काढा. साध्या सायकलीच्या चेनलॉकवर इंग्रजी यूच्या आकाराची एक क्लिप असते, ती बारीक पक्कडीने सरकवली की सुटते. परत बसवताना क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवं, म्हणजे चेनच्या वरच्या भागात ते पुढच्या चाकाकडे. उलटी बसवली तर कशाला तरी अडकून निघू शकते, आणि ती निघते तेव्हा नेमका चढ असतो.

गिअरच्या सायकलीतली क्विक लिंक काढायला वेगळी पक्कड मिळते. दहा, अकरा, बारा गिअरच्या काही क्विक लिंक एकदाच वापरायच्या असतात, म्हणून काढण्यापूर्वी नवी आणून ठेवा. काढलेली चेन रुंद तोंडाच्या बरणीत थोड्या रॉकेलमध्ये घालून, झाकण घट्ट लावून हलवायची. दहा मिनिटांनी बाहेर काढून पुन्हा ताज्या रॉकेलमध्ये. मग खिळ्याला टांगून वाळवायची.

नवी कोरी चेन आणली असेल तर ती अजिबात धुऊ नका. कारखान्यात भरलेलं वंगण आतपर्यंत गेलेलं असतं, तसं आपल्याला बाहेरून भरता येत नाही. बाहेरचा चिकटपणा तेवढा पुसायचा आणि चालवायला घ्यायची.

तेल कोणतं

सायकलच्या दुकानात चेनचं तेल दोन प्रकारचं मिळतं. ‘वेट’ म्हणजे दाटसर, पाण्याने पटकन न धुतलं जाणारं. ‘ड्राय’ म्हणजे लावताना पातळ, पण वाळल्यावर आत कोरडा थर सोडणारं. पुणे, नगर, सोलापूर या बाजूला फेब्रुवारी ते मे धूळच धूळ असते, तिथे ड्राय. जूनच्या पहिल्या सरीनंतर वेट. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याबाहेरही हवा खारी आणि दमट असते, किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी बाराही महिने वेट वापरलं आणि पुसायचा आळस केला नाही तर बरं. जांभ्याची तांबडी धूळ फार बारीक असते आणि ओल्या चेनला लगेच धरते. मेणाची चेनही असते, वितळवलेल्या मेणात बुडवून काढलेली. ती अतिशय स्वच्छ राहते, पण चेन आधी पूर्ण निर्मळ करावी लागते. हा नाद पुढे लागेल तेव्हा लागेल.

घरातल्या तेलांबद्दल. शिलाई मशीनचं तेल अडीअडचणीला चालतं, पातळ असल्याने आत चटकन जातं, पण टिकत नाही, चार-सहा दिवसांनी पुन्हा घालावं लागतं. खोबरेल नको. थंडीत ते थिजतं आणि पुढे चिकट राप बसतो. गोडेतेलाची गतही तीच. ग्रीस बेअरिंगसाठी असतं, चेनवर बाहेरून फासलं तर आत जात नाही आणि धूळ मात्र पोत्याने गोळा करतं. मोटरसायकलच्या चेनचा स्प्रे सायकलला फार चिकट पडतो. डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा निळा-पिवळा डबा पाणी हटवायला आणि गंज सैल करायला उत्तम, पण चेनचं वंगण म्हणून त्यावर विसंबू नका. तो मारला तर वाळू द्या आणि वर खरं तेल घाला.

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे ओव्हरऑइलिंगला सायकल टाकलीत तर तो बहुतेकदा डब्यातलं काळं ऑइल ब्रशने चेनवर फासतो. ते गाडीतून काढलेलं जुनं इंजिन ऑइल असतं आणि त्यात धातूचा कीस असतो. त्याच्या हबच्या कामावर माझा पूर्ण विश्वास आहे. चेनपुरतं मात्र ‘काका, चेन राहू द्या, ती मी घरी करतो’ असं सांगावं. पूर्ण चेनकव्हरची जुनी सायकल असेल तर ताजं इंजिन ऑइल चालतं, कारण कव्हरमुळे धूळ आत पोचत नाही.

तेल कसं घालायचं

मघाशी हेरून ठेवलेली कडी चेनच्या खालच्या भागात आणा. तेल खालच्या भागाच्या वरच्या अंगावर, म्हणजे जी बाजू दातांवर बसते त्या आतल्या बाजूवर घालायचं. चेन फिरते तेव्हा तेल बाहेरच्या दिशेला ढकललं जातं, त्यामुळे आतून घातलेलं कडीतून आरपार जातं.

प्रत्येक रोलरवर एक थेंब, तोही रोलरच्या कडेला, जिथे आतली आणि बाहेरची पट्टी एकमेकींना भिडतात. पिनेपर्यंतची वाट त्या फटीतूनच जाते. एक थेंब, पायडल थोडं उलटं, पुढचा थेंब. गिअरच्या सायकलीच्या चेनला शंभर ते सव्वाशे कड्या असतात. अख्ख्या चेनला मिळून चहाच्या चमच्याएवढं तेल पुरे होतं. बाटलीचं तोंड मोठं असेल तर औषधाच्या दुकानातली सुई नसलेली सिरिंज घ्या. कंटाळवाणं काम आहे, पाच-सात मिनिटं लागतात. स्प्रेने दहा सेकंदांत होतं आणि निम्मं डिस्कवर जातं.

मग पायडल पंचवीस-तीस वेळा उलटं फिरवा आणि थांबा. वेट असेल तर पंधरा मिनिटं. ड्राय असेल तर बाटलीवर लिहिलेला वेळ, सहसा काही तास, म्हणून ड्राय रात्री घालून सकाळी निघावं.

आता पुन्हा फडकं घ्या आणि चेन पुसा. नुकतंच घातलेलं तेल पुसायला जिवावर येतं, हे मला ठाऊक आहे. पुसा तरीही. आत गेलेलं तेल पुसलं जात नाही, जाईल ते फक्त बाहेरचं. बोट लावल्यावर नुसता ओलसरपणा जाणवावा, बोटावर तेल येऊ नये. पहिल्या आठ-दहा किलोमीटरनंतर आतून थोडं तेल बाहेर येतं, तेव्हा आणखी एकदा हलकं पुसून घ्या.

कोरड्या रस्त्यावर असं घातलेलं तेल साधारण दोनशे किलोमीटर जातं, जोरदार पावसात एका दिवसात धुतलं जाऊ शकतं. भिजून घरी आलात तर बूट काढण्याआधी चेन कोरड्या फडक्याने पुसा. सकाळपर्यंत ठेवलीत तर तांबूस गंज दिसेल. वरवरचा असेल तर तेलात भिजवलेल्या फडक्याने घासून निघतो. पण कड्या आखडून चेन सरळच होत नसेल तर तिच्यावर तेल वाया घालवू नका.

बदलायची वेळ झाली का

जुनी चेन ‘लांबते’ असं म्हणतात. लोखंड ताणलं जात नाही, पिना आतून झिजतात आणि प्रत्येक सांध्यातली बारीक ढिलाई एकत्र होऊन चेन लांब होते. घरातल्या स्टीलच्या फूटपट्टीने हे मोजता येतं. पायडल थोडं दाबून चेन ताणलेली ठेवा. एका पिनेचा मध्य शून्यावर धरा आणि ती पहिली मोजून पंचविसावी पिन बघा. नव्या चेनमध्ये तिचा मध्य बरोबर १२ इंचावर येतो. तो दीड मिलिमीटर पुढे गेला असेल तर गिअरच्या सायकलीची चेन बदला. तीन मिलिमीटर गेला असेल तर बहुधा दातेरी चक्रंही झिजली आहेत आणि नवी चेन त्यांवर सटकेल. साध्या एका चक्राच्या सायकलीला त्या तीन मिलिमीटरपर्यंत सूट असते. चेन स्वस्त असते, कॅसेट महाग, म्हणून ही मोजणी दोन-तीन महिन्यांनी करत रहा.

तेल घालूनही आवाज येतोय?

आवाज किती फेऱ्यांनी येतो ते मोजा. पायडलच्या दर फेरीला एकदा ‘टक’ येत असेल तर चेनचा संबंध नाही, पायडल किंवा क्रँक सैल आहे. पायडल न मारताही येत असेल तर चाक, ब्रेक किंवा मडगार्ड बघा. दोन-अडीच फेऱ्यांनी एकदा येत असेल तर एखादी कडी अडकते आहे, कारण पुढच्या चक्राला ४४ दात आणि चेनला ११० कड्या असतील तर चेनची एक प्रदक्षिणा अडीच फेऱ्यांत होते. पायडल अगदी सावकाश उलटं फिरवत डिरेलरजवळ बघत बसा. जी कडी सरळ न होता उंचवट्यासारखी पुढे जाते, तीच. तिच्यावर तेलाचा एक थेंब टाका आणि दोन्ही हातांनी तिला आडवी, म्हणजे डावीकडे-उजवीकडे, हलकी वाकवा. बहुतेक वेळा तेवढ्याने मोकळी होते.